चाक किती फिरलं, गाडी किती चालली

शाळेच्या गणिताच्या पुस्तकातली चाकं बहुधा एकाच कारखान्यात तयार होत असावीत. त्यांचा व्यास ७, १४, ३५ नाहीतर ७० सेंटीमीटर असतो, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या सायकलीला नेमकं ११ किलोमीटरच जायचं असतं. कारण उघड आहे. पायची किंमत २२/७ धरली की छेदातला सात व्यासाशी जुळतो, अंशातले बावीस अकराशी जुळतात आणि उत्तर गुळगुळीत येतं. व्यास ७० सेंटीमीटर, परीघ २२० सेंटीमीटर, ११ किलोमीटरला बरोबर ५००० फेरे. उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या गणिताकडे वळायचं.

या गणितात चूक काहीच नाही. चाक एका फेऱ्यात आपल्या परिघाएवढं पुढे जातं, म्हणून अंतर म्हणजे परीघ गुणिले फेरे. विषय एका ओळीत संपतो. पण खऱ्या चाकाला हात लावला की कळतं, या दोन आकड्यांपैकी फेरे मोजणं अगदी सोपं आहे. एक, दोन, तीन असे ते सुटे मोजता येतात, फसायला फारशी जागा नसते. सगळी गोम परिघात आहे. कुठला परीघ घ्यायचा? टायरवर छापलेल्या मापावरून निघणारा, टायरला टेप गुंडाळून मोजलेला, की अंगावर वजन असताना चाक रस्त्यावर प्रत्यक्ष जेवढं उलगडतं तो? हे तीन आकडे एकमेकांच्या जवळ असतात, पण सारखे नसतात. आणि परिघातली चूक दर फेऱ्याला नव्याने होते. ५००० फेऱ्यांत ती ५००० वेळा जमा होते.

जमिनीवर उलगडणारी पट्टी

आधी मुळात परिघाएवढंच अंतर का, ते पाहू. जाड पुठ्ठ्याचा एक षटकोन कापा, प्रत्येक बाजू ५ सेंटीमीटरची. तो टेबलावर एका बाजूवर उभा करा आणि पुढे कलंडवा. एका कोपऱ्यावरून तो वळतो आणि पुढची बाजू टेबलावर टेकते. पुन्हा कलंडवा, तिसरी बाजू टेकते. सहा वेळा कलंडला की सहाही बाजू एकापुढे एक टेबलावर टेकून झालेल्या असतात आणि षटकोन बरोबर ३० सेंटीमीटर पुढे आलेला असतो. ३० सेंटीमीटर म्हणजे त्याची परिमिती. त्याने आपली कड टेबलावर अंथरली, एवढंच घडलं.

आता सहाच्या जागी बारा बाजू घ्या, शंभर घ्या, हजार घ्या. हिशेब तोच राहतो, फक्त कोपरे बोथट होत जातात. बाजू इतक्या बारीक झाल्या की दिसेनाशा झाल्या, म्हणजे ते वर्तुळ झालं. षटकोनात आणि चाकात फरक आहे तो आसाचा. षटकोन कलंडताना त्याचा मध्य दर वेळी वर चढतो आणि खाली आपटतो. गोल चाकाचा मध्य मात्र जमिनीपासून कायम एकाच उंचीवर राहून सरळ पुढे जातो. गाडीत बसलेल्या माणसाचा सगळा संबंध त्या मध्याशीच आहे, आणि पुढे काही कोडी सोडवायला हीच गोष्ट कामाला येणार आहे.

यात एक अट दडलेली आहे. पट्टी उलगडली पाहिजे, फरपटता कामा नये. चाक घसरलं की सूत्र मोडलं. त्याकडे शेवटी येऊ.

परीघ आणि व्यास यांचं नातं पाय या संख्येने बांधलेलं आहे. (मराठीत तिचा उच्चार चालायच्या पायासारखाच होतो, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो. चाकाला पाय नसतात, पण पायशिवाय त्याचं अंतर निघत नाही.) ही संख्या ३.१४१५९ अशी सुरू होते आणि कधी संपत नाही. रोजच्या कामाला एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरतं, की चाक एका फेऱ्यात आपल्या उंचीच्या तिपटीहून थोडं जास्त पुढे जातं. कमरेएवढ्या उंचीचं चाक असेल तर एका फेऱ्यात कमरेच्या उंचीच्या तिप्पट आणि वर थोडं. फेरा पुरा व्हायलाच हवा असंही नाही. पाव फेरा झाला तर पाव परीघ. आणि एक किरकोळ पण हटकून होणारी चूक म्हणजे व्यासाच्या जागी त्रिज्या धरणं. उत्तर निम्मं आलं, तर आधी तिथे बघा.

खडे, लाल फडकं आणि लोहाराची चकती

फेरे मोजून अंतर काढायची कल्पना फार जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने अशा गाडीचं वर्णन करून ठेवलं आहे. तिच्या चाकाचा परीघ साडेबारा फूट. आसाबरोबर फिरणारा एकच दाता ४०० दात्यांच्या चक्राला दर फेऱ्याला एका दात्याने पुढे ढकलतो. ४०० फेरे झाले की ते चक्र एकदा पुरं फिरतं आणि वरच्या भोकं पाडलेल्या चकतीतला एक खडा सुटून खालच्या धातूच्या भांड्यात टण्णकन पडतो. साडेबारा गुणिले ४०० म्हणजे ५००० फूट, आणि रोमन मैल ५००० फुटांचाच होता. मुक्कामी पोचल्यावर भांड्यातले खडे मोजायचे, तेवढे मैल झाले. गाडीच्या मीटरमधला आकडा आणि हा खडा यांत तत्त्वाचा काही फरक नाही.

यंत्र नसेल तर माणूस मोजतो. १८४७ साली अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या मॉर्मन लोकांच्या तांड्यात विल्यम क्लेटन नावाचा माणूस रोजच्या प्रवासाची नोंद ठेवत होता. दिवसाकाठी किती मैल झाले यावर तांड्यात रोज वेगवेगळे अंदाज निघायचे. क्लेटनने एका गाडीच्या चाकाचा परीघ मोजला, तो १४ फूट ८ इंच भरला. मैल ५२८० फुटांचा, म्हणजे बरोबर ३६० फेऱ्यांना एक मैल. नशीबवान माणूस, पुस्तकातल्यासारखं चाक मिळालं त्याला! त्याने चाकाला लाल फडकं बांधलं आणि ८ मे रोजी दिवसभर त्या चाकाशेजारून चालत फडकं किती वेळा वर आलं ते मोजलं. आकडा झाला ४०७०. म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर २० फेरे. पुन्हा रोज हेच करायची त्याची तयारी नव्हती हे सांगायला नको. थोड्याच दिवसांत तांड्यातल्या लोकांनी लाकडी दातेरी चक्रांचं मोजणी यंत्र बनवून त्या गाडीला बसवलं.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा लोहाराचं एक साधं अवजार जास्त आवडतं. लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवतात, तिला आपण धाव म्हणतो. ही धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवायची, तापवून फुगवायची, लालभडक असताना चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. गार होताना ती आकसते आणि सगळे लाकडी जोड आवळून धरते. पण किंचित म्हणजे नेमकं किती, हे कळायला चाकाचा बाहेरचा परीघ आणि पट्टीचा आतला परीघ दोन्ही अचूक हवेत. त्यासाठी कारागीर मूठ लावलेली एक छोटी लोखंडी चकती वापरत. ती चाकाच्या कडेवरून फिरवायची, फेरे मोजायचे आणि शेवटचा अर्धामुर्धा फेरा जिथे संपला तिथे चकतीवर खडूने खूण करायची. मग तीच चकती पट्टीच्या आतून फिरवायची आणि तेवढ्याच फेऱ्यांनंतर खूण कुठे येते ते बघायचं. इंच नकोत, पाय नको, एक आकडासुद्धा लिहायला नको. चाकानेच चाक मोजलं.

सव्वीस इंची सायकलची गोष्ट

परिघाची गोम मला स्वतःच्या सायकलवर कळली. एका मित्राबरोबर लांबची फेरी मारून आलो. एकच रस्ता, जवळजवळ हँडलला हँडल लावून. माझ्या मीटरवर ४०.५ किलोमीटर, त्याच्या मीटरवर ४०.०. अर्धा किलोमीटर मी एकट्याने कुठे जाऊन आलो?

हे मीटर काय करतं ते आधी सांगतो. पुढच्या चाकाच्या आऱ्यावर एक चुंबक असतो, आणि चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्यातल्या एकीवर संवेदक. चुंबक समोरून गेला की एक फेरा. मीटर फेरे मोजतं आणि तुम्ही त्यात भरलेल्या परिघाने गुणतं. रस्त्याशी त्याचा काही संबंध नाही. परीघ तुम्ही सांगाल तो. मी सांगितला होता २०७५ मिलिमीटर. सव्वीस इंची चाक, एक इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे व्यास ६६०.४, त्याला पायने गुणलं की २०७५. शाळेचं गणित.

मग टायर नीट वाचला. बाजूला मोठ्या अक्षरांत २६ × १.९५ आणि खाली बारीक अक्षरांत ५०-५५९. ही बारीक अक्षरंच खरी. ५० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि ५५९ म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. टायरची जाडी साधारण रुंदीएवढीच धरली, तर ती ५५९ मध्ये दोनदा मिळवायची, एकदा वर आणि एकदा खाली. झाले ६५९ मिलिमीटर. परीघ २०७०. म्हणजे माझ्या बाबतीत ‘सव्वीस इंच’ हे नाव निदान खोटं नव्हतं. पण त्याच रिमवर ३८ मिलिमीटरचा सडपातळ टायर चढवला तर व्यास ६३५ होतो, म्हणजे मोजून पंचवीस इंच, आणि दुकानदार त्यालाही सव्वीस इंचीच म्हणेल. त्या टायरला २०७५ चा आकडा भरला, तर शंभर किलोमीटरमागे चार किलोमीटर फुकटचे मिळतील. सायकलच्या मापांची नावं ही नावंच असतात. ‘७०० सी’ म्हणवणाऱ्या चाकाचं रिम ६२२ मिलिमीटरचं असतं, आणि डोंगरी सायकलींचं ‘२९ इंची’ चाकही त्याच ६२२ च्या रिमवर बसतं.

पण २०७० धरूनही माझा अर्धा किलोमीटर सुटत नव्हता. शेवटी जमिनीवर मोजलं. कोरडी, सपाट, सरळ जागा निवडली. चाकात नेहमीएवढी हवा भरली. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर तळाशी आणला आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूने रेघ मारली. सीटवर बसलो, एकाने मागून धरलं, आणि हळूहळू सरळ पुढे गेलो, व्हॉल्व्ह पुन्हा तळाशी येईपर्यंत. एकच फेरा मोजला तर रेघ मारताना सेंटीमीटरभर इकडेतिकडे होतं, आणि २०५ सेंटीमीटरात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा टक्का. म्हणून दहा फेरे घेतले. सेंटीमीटरभर चूक आताही झाली असेल, पण ती दहांत वाटली गेली. टेप लावली, २० मीटर ५० सेंटीमीटर. एका फेऱ्याला २०५० मिलिमीटर.

हिशेब लगेच जुळला. मी २०७५ सांगितले होते, चाक उलगडत होतं २०५०. ४० किलोमीटरला मीटर ४०.५ दाखवणारच. मित्राने आपलं चाक आधीच असं मोजून घेतलं होतं.

२०७० आणि २०५० यांच्यामधले २० मिलिमीटर मात्र माझ्या वजनाने खाल्ले. अंगावर माणूस बसला की टायर तळाशी चपटा होतो आणि आस थोडा खाली येतो. टेप गुंडाळून मोजाल तर चाक मोकळं असतं, म्हणून परीघ जास्त भरतो. हवा कमी झाली की चपटेपणा वाढतो आणि एका फेऱ्यात कापलं जाणारं अंतर आणखी घटतं. म्हणून मोजताना हवा नेहमीइतकी हवी आणि सीटवर तुम्हीच हवेत. आणखी एक बारकावा, हँडल स्थिर हवं. पुढचं चाक नागमोडी गेलं तर त्याची वाट सरळ टेपपेक्षा लांब होते.

पायच्या दशांशांवरून भांडण नको

अशा मोजमापाची चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, ३.१४ घेऊन कसं चालेल, अचूक किंमत घ्या. बघू या. ३.१४ घेतल्याने १०० किलोमीटरमागे सुमारे ५० मीटर कमी येतात. २२/७ घेतल्याने ४० मीटर जास्त येतात. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये व्यास २०,००० असेल तर परीघ ६२,८३२ असं दिलं, म्हणजे ३.१४१६, आणि वर तो ‘आसन्न’ म्हणजे जवळपासचा आहे असं प्रामाणिकपणे सांगून ठेवलं. त्या किमतीने १०० किलोमीटरमागे चूक होते सुमारे २३ सेंटीमीटरची. एक हातसुद्धा नाही.

उलट माझ्या टायरवर बसल्याने तेवढ्याच अंतरात जवळपास एक किलोमीटरचा फरक पडला होता. दशांश स्थळं वाढवण्यापेक्षा पंप आणा. आणि जमिनीवर फेरे मोजून परीघ काढलात, तर त्यात पाय येतच नाही.

मोटारीच्या टायरचं वेगळंच

मोटारीच्या टायरवर १८५/६५ आर १५ असं काही लिहिलेलं असतं. त्यातलं १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! पण हिशेब सरळ आहे. भिंत १२०.२५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंची मिळून २४०.५. रिम ३८१. एकूण व्यास ६२१.५ आणि परीघ सुमारे १९५२ मिलिमीटर. म्हणजे किलोमीटरला साधारण ५१२ फेरे.

प्रत्यक्षात फेरे याहून जास्त होतात, आणि कारण पुन्हा वजन. पण इथे एक फसवी जागा आहे. गाडी उभी असताना आसाची जमिनीपासूनची उंची मोजली, तीच त्रिज्या धरून परीघ काढला, तर उत्तर खऱ्यापेक्षा बरंच कमी येतं. तळाशी टायर चांगलाच दबलेला असतो, मग परीघ त्या हिशेबाने कमी का होत नाही? कारण आजच्या रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि तो जवळजवळ ताणला किंवा आकसला जात नाही. रणगाड्याचा पट्टा डोळ्यांपुढे आणा. तो गोल नसतो, वरून खालून सपाट असतो, पण एक पुरा वळसा झाला की पट्ट्याच्या लांबीएवढंच अंतर जातं. आकार कसाही असो, उलगडते ती लांबी. टायर रणगाड्याच्या पट्ट्याइतका ताठ नाही, तसाच साध्या वर्तुळासारखाही नाही. तो दोघांच्या मध्ये कुठेतरी वागतो, आणि खरं अंतर मोकळ्या परिघापेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनीच कमी भरतं.

झीज वेगळी. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, आणि १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलावा असा पुष्कळ देशांत नियम आहे. मधले ६.४ मिलिमीटर रस्त्याने नेले. व्यास १२.८ ने कमी, परीघ ४० ने, म्हणजे जवळपास दोन टक्के. झिजलेलं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं. मीटर बिचारं फेरेच मोजणार, म्हणून टायर झिजले की गाडी कागदावर थोडी जास्त चालते. मोठे टायर चढवले की उलटं होतं, मीटर कमी दाखवतं आणि वेगही कमी दाखवतो. दुसरी गोष्ट किलोमीटरपेक्षा महागात पडू शकते.

काही गाड्यांत हीच चूक उपयोगाला लावली आहे. चारही चाकांचे फेरे गाडी सतत मोजत असते, कारण ब्रेक लावल्यावर चाक अडकू नये म्हणून ते लागतातच. त्यातलं एक चाक इतर तिघांपेक्षा सतत किंचित जास्त फिरतंय, याचा अर्थ त्यातली हवा कमी आहे. हवा मोजणारं कुठलंही उपकरण न बसवता गाडी दिवा लावून सांगते.

नेमकं कोण किती चाललं?

आता ती मध्याची गोष्ट. एक नाणं टेबलावर दाबून धरा. तसंच दुसरं नाणं त्याच्या कडेला लावून, न घसरू देता, त्याच्याभोवती एक पुरी प्रदक्षिणा घडवा. दोघांचे परीघ सारखे, म्हणजे फिरणारं नाणं स्वतःभोवती एकदा फिरेल असं कुणालाही वाटेल. ते दोनदा फिरतं. विश्वास बसणार नाही, करून बघा.

१९८२ साली अमेरिकेतल्या एसएटी या प्रवेश परीक्षेत हाच प्रश्न आला होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश, लहान वर्तुळ मोठ्याभोवती घरंगळत सुरुवातीच्या जागी आलं, तर ते किती वेळा फिरलं? प्रश्न काढणाऱ्यांच्या मते तीन. खरं उत्तर चार, आणि ते पर्यायांत नव्हतंच. सुमारे तीन लाख परीक्षार्थींपैकी तिघांनी पत्र लिहून चूक दाखवली आणि तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला.

चूक होते ती वाटेची लांबी जमिनीवर मोजल्यामुळे. सरळ रस्त्यावर जमिनीवरची वाट आणि आसाची वाट सारखीच असते, म्हणून फरक कळत नाही. वळणावर त्या वेगळ्या होतात. फिरणाऱ्या नाण्याचा मध्य जे वर्तुळ कापतो त्याची त्रिज्या दोन नाण्यांच्या त्रिज्यांची बेरीज असते, म्हणजे दुप्पट. दुप्पट वाट, दोन फेरे. परीक्षेतल्या प्रश्नात तीन अधिक एक, चार. फेरे म्हणजे मध्याने कापलेलं अंतर भागिले परीघ, असं घोकलं की फसगत होत नाही. पृथ्वीचंही असंच आहे. वर्षात आपण सूर्योदय पाहतो ३६५ आणि थोडे, पण ताऱ्यांच्या संदर्भात ती स्वतःभोवती फिरते ३६६ वेळा आणि थोडं. सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेत एक फेरा मुरलेला असतो.

वळणावर गाडीच्या दोन बाजूंची चाकंही सारखी चालत नाहीत. डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर एका पुऱ्या वर्तुळात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ९.४ मीटर जास्त चालतं. वर्तुळ अंगणाएवढं असो की गावाएवढं, फरक तेवढाच. त्रिज्येतला फरक दीड मीटर, त्याला दोन पायने गुणलं की संपलं. दोन्ही चाकं एकाच आसाला पक्की जखडली तर वळताना एकाला फरपटावंच लागेल, म्हणून मोटारीत डिफरन्शियल असतं आणि दोन्ही चाकं आपापल्या वाटेने फिरतात.

जड दगड लाकडी ओंडक्यांवरून ढकलतात तेव्हा आणखी एक मौज होते. ओंडक्याचा परीघ एक मीटर असेल, तर एका फेऱ्यात दगड किती सरकतो? दोन मीटर. ओंडका जमिनीवर एक मीटर पुढे जातो आणि दगड त्या ओंडक्याच्या पाठीवरून आणखी एक मीटर पुढे जातो. म्हणूनच दगड सारखा ओंडक्यांच्या पुढे निघून जातो, आणि मागे राहिलेला ओंडका उचलून पुन्हा पुढे टाकावा लागतो.

हे नीट पटायला चाकाच्या वेगवेगळ्या भागांचा वेग बघावा. जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो, आस गाडीच्या वेगाने जातो आणि माथा दुप्पट वेगाने. पळत्या सायकलचा फोटो निरखून बघा, खालचे आरे स्पष्ट दिसतात आणि वरचे पुसट. कडेवरचा एखादा ठिपका या उड्या मारत जी कमानींची वाट काढतो, तिची एका फेऱ्यातली लांबी व्यासाच्या बरोबर चौपट भरते. इथे पाय गायब! ख्रिस्तोफर रेन या इंग्रज वास्तुविशारदाने १६५८ मध्ये हे सिद्ध केलं. पुस्तकातलं ते ७० सेंटीमीटरचं चाक घ्या. सायकल २.२ मीटर पुढे जाते, तेवढ्यात कडेला चिकटलेला खडा २.८ मीटर हिंडून येतो.

चाक फिरतं, गाडी हलत नाही

आता घसरणं. पॅडल किंवा इंजिन ज्या चाकाला फिरवतं, ते रस्त्यावर नेहमीच किंचित जास्त फिरतं. कोरड्या डांबरावर हे जाणवत नाही, चिखलात डोळ्यांना दिसतं. जोरात ब्रेक लावून चाक अडकलं तर उलट, अंतर जातं पण फेरा होत नाही. सायकलच्या मीटरचा चुंबक पुढच्या चाकावर लावायचं हेही एक कारण आहे, त्याला कुणी जोर देत नाही, ते नुसतं रस्त्याच्या मागे फिरतं.

याची सर्वात दूरची उदाहरणं मंगळावर आहेत. ऑपॉर्च्युनिटी ही गाडी २००४ मध्ये तिथे उतरली आणि २०१८ पर्यंत ४५ किलोमीटरहून जास्त चालली. पण २००५ च्या एप्रिलमध्ये ती एका वाळूच्या वरंब्यात रुतली. सहाही चाकं फिरत होती, फेऱ्यांच्या हिशेबाने गाडी चालत होती, आणि प्रत्यक्षात ती वाळू उकरत होती. सुटायला जूनचा पहिला आठवडा उजाडला. फेरे खरे, परीघ खरा, अंतर खोटं. मग अंतर पडताळायचं कशाने? आसपासच्या खडकांचे फोटो आधी आणि नंतर घेऊन गाडी खरोखर किती सरकली ते काढायचं.

पण सपाट वाळूत खूण धरायला खडकच नसेल तर? २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी या गाडीच्या चाकांमध्ये यासाठी मुद्दाम छोटी भोकं पाडली आहेत, काही आखूड, काही लांबट. चाक फिरलं की वाळूत त्यांचा ठसा उमटतो. तो नुसता ठसा नाही, मोर्स लिपीतली टिंबं आणि रेघा आहेत, आणि त्यांतून जे, पी, एल ही गाडी बनवणाऱ्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं वाचता येतात. चाकाचा व्यास ५० सेंटीमीटर, म्हणून ठसा साधारण दर १.५७ मीटरला उमटायला हवा. गाडी मागे वळून आपल्याच चाकोरीचा फोटो काढते. ठसे दीड मीटरच्या आसपास पडलेले दिसले तर ठीक. ८०-८० सेंटीमीटरवर दिसले, तर जवळजवळ निम्मे फेरे वाळूतच गेले.